भटक्यांची प्रश्नपेटी: कोकोडाचा चिखल आणि पाठीवरचं ओझं

मागच्या अंकात सहज लिहून गेले होते की माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख अजून धड उगवलेलं नाही आणि त्याला कारण पापुआ न्यू गिनीतला कोकोडा ट्रॅक. त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळची पेटी अख्खी त्यालाच देतेय. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर जे मोठं बेट आहे त्याच्या पूर्व अर्ध्यात, ओवेन स्टॅनली नावाच्या डोंगररांगेतून जाणारी ही ९६ किलोमीटरची पायवाट, दक्षिणेला ओवर्स कॉर्नर आणि उत्तरेला कोकोडा गाव. १९४२ मध्ये जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत जपानी आणि ऑस्ट्रेलियन सैन्य या वाटेवर आधी एका दिशेने आणि मग उलट्या दिशेने लढत गेलं. आता लोक पैसे देऊन तिथे चालायला जातात, मीपण गेले, एका ऑस्ट्रेलियन ग्रुपबरोबर, मेलबर्नच्या मावसभावाच्या नादाने.

प्रश्न: ताई, १५ वर्षं सह्याद्रीत फिरतोय, अलंग-मदन-कुलंग दोनदा झालंय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय. मग कोकोडाला गाइड कशाला पाहिजे? मॅप आणि जीपीएस घेऊन दोघं मित्र जाऊ शकत नाही का? (नाशिक)

अलंग-मदन-कुलंग केलंय म्हणजे डोक्याने तुम्ही तयार आहात, पण पाय अजून नाही, रागावू नका. आपल्याकडे अवघड म्हणजे कातळ, हात कुठे पाय कुठे, एक्सपोजर. कोकोडाला कातळ जवळजवळ नाहीच, तिथे आहे लाल-तपकिरी चिखल, त्याच्यावर झाडांच्या मुळांचं जाळं, मुळांवर शेवाळ, आणि हे सगळं चढ-उतार चढ-उतार करत आठ ते दहा दिवस. एकूण चढ पाच हजार मीटरच्या वर भरतो. बारीतून कळसूबाई म्हणजे साधारण ९०० मीटर, आता तुम्हीच हिशोब करा, आणि उतार त्याच्याबरोबर फुकट. सगळ्यात उंच माउंट बेलामीच्या बाजूची खिंड दोन हजार मीटरच्या थोडी वर, म्हणजे उंचीचा त्रास नाही, त्रास आहे तो रोज मिळवलेली उंची रोज घालवण्याचा. मागुली नावाची एक धार आहे तिथे गाइड लोक नऊ खोटी माथी मोजतात, म्हणजे वर पोचलो पोचलो म्हणायचं आणि पुढे अजून एक, मी सहाव्यानंतर मोजणं सोडलं आणि नवव्यानंतर बोलणं.

आता गाइडचं. एक तर परमिट लागतं आणि ते रीतसर परवाना असलेल्या ऑपरेटरमार्फतच काढायचं. पण समजा कागदाचा प्रश्न नसता, तरी मी तेच म्हटलं असतं. ती जमीन सरकारी जंगल नाहीये, ती तिथल्या कुळांची आहे, दक्षिणेकडे कोइआरी आणि उत्तरेकडे ओरोकाइवा, प्रत्येक ओढ्याला प्रत्येक पडीक बागेला मालक आहे, आणि अधूनमधून पैशांवरून वाद झाला की एखादं गाव वाट बंदपण करतं. अशावेळी बोलणी कोण करणार, तुमचं जीपीएस? शिवाय पूल. पूल म्हणजे काय तर एक-दोन ओंडके, वेलीने बांधलेले, आणि पाऊस झाला की तेपण वाहून जातात. इओरा क्रीकला मी अशा ओंडक्यावर उभी होते, खाली पाणी पांढरं होऊन धावतंय, आणि पुढे माझा पोर्टर, वाटेवरच्या एफोगी गावचा तेवीस वर्षांचा पोरगा, अनवाणी, उलटा चालत होता. माझ्याकडे तोंड करून, ओंडका न बघता. त्याने माझा हात धरला नव्हता, मनगट धरलं होतं. नंतर विचारलं तर म्हणाला हात घामाने निसटतो, मनगट निसटत नाही. हे कुठल्या मॅपमध्ये लिहिलेलं असतं सांगा.

प्रश्न: तिथे नक्की कोण कोणाशी कशासाठी लढलं? एवढ्या जंगलात काय होतं? (सोलापूर)

जंगलात काही नव्हतं, जंगलाच्या पलीकडे पोर्ट मोर्सबी होतं. ते बंदर आणि तिथली विमानतळं हातात आली की उत्तर ऑस्ट्रेलिया जपान्यांच्या टप्प्यात. समुद्राने यायचा बेत मे १९४२ मध्ये कोरल सीच्या लढाईने फसला, म्हणून २१ जुलैला ते उत्तर किनाऱ्यावर गोनाजवळ उतरले आणि डोंगर चढून यायला निघाले. समोर सुरुवातीला होती ऑस्ट्रेलियाची ३९ वी बटालियन, मिलिशियाची, बरीचशी कोवळी पोरं, ज्यांना रेग्युलर सैन्यातले लोक चॉकलेट सोल्जर म्हणून चिडवायचे, म्हणजे उन्हात वितळणारे. ते वितळले नाहीत, मागे हटत हटत लढले, इसुरावाला ऑगस्टच्या शेवटी त्यांनी आणि मदतीला आलेल्या रेग्युलरांनी चारपाच दिवस जपान्यांना अडवलं. सप्टेंबरात जपानी इओरिबाइवाच्या धारेपर्यंत आले, मोर्सबी तिथून पन्नास किलोमीटरच्या आत. आणि तिथून त्यांना परत फिरायचा हुकूम आला, कारण तिकडे सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकॅनालला हातघाईची लढाई चालू होती आणि इकडे सैनिकांच्या पोटात अन्न नव्हतं. २ नोव्हेंबरला कोकोडा गाव परत ऑस्ट्रेलियाकडे. या वाटेवर ऑस्ट्रेलियाचे सहाशेच्या वर लोक मेले, आजाराने आडवे झाले ते कितीतरी जास्त.

प्रश्न: ग्रुपमधले सगळे म्हणतात पर्सनल पोर्टर घे. मला स्वतःची सॅक दुसऱ्या माणसाच्या पाठीवर द्यायला लाज वाटते, शोषण वाटतं. तुमचं काय मत? (कोथरूड, पुणे)

माझं मत: घ्या. लाज सोडा आणि त्या लाजेतली एनर्जी कंपनीला चार प्रश्न विचारण्यात घालवा.

जाताना मी तुमच्यासारखीच होते, आपण सह्याद्रीवाले, आपली सॅक आपण उचलतो वगैरे. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता ती ऐट चिखलात गेली, शब्दशः, कारण मी बसकण मारली ती मांडीपर्यंत, आणि सॅकच्या वजनाने उठताच येईना. मागून कोणीतरी सॅकचा वरचा पट्टा धरून मला मांजरीच्या पिल्लासारखं उचललं. त्या दिवसापासून सॅक त्याच्याकडे आणि माझ्याकडे पाण्याची बाटली, काठी आणि गप्प बसण्याचं काम.

शोषणाचा प्रश्न खरा आहे पण तो कुठे आहे ते बघा. त्या डोंगरात रोख पैसा मिळण्याचे मार्ग फार नाहीत, रस्ता नाही, पिकवलेलं विकायचं तर पाठीवर घालून दोन-तीन दिवस चालायचं. ट्रेकिंगचा सीझन हीच कमाई. तेव्हा पोर्टर न घेऊन तुम्ही कोणाचं भलं करत नाही. विचारायचं ते हे: एका पोर्टरला किती वजन देता (आणि त्यात त्याचं स्वतःचं सामान धरलंय का तेही विचारा), त्याला झोपायला मॅट आणि स्लीपिंग बॅग देता का, त्याचं जेवण कोण देतं, आणि ट्रेक संपला की तो घरी कसा जातो. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. तुम्ही ओवर्स कॉर्नरला बसमध्ये बसून हॉटेलात जाता आणि कोकोडाकडच्या पोराला तीच ९६ किलोमीटर उलटी चालत घरी जायचं असतं. चांगले ऑपरेटर त्या परतीच्या चालीचे वेगळे पैसे देतात. जो फोनवर या प्रश्नाला अडखळला त्याच्याबरोबर जाऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

आणि ओझ्याचा इतिहास ऐकायचा असेल तर हाच ऐका. १९४२ मध्ये ही लढाई बंदुकीइतकीच पाठीवर लढली गेली. पापुआ तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातला प्रदेश, तिथल्या प्रशासनाने जून १९४२ मध्ये हुकूम काढून गावोगावच्या पुरुषांना कामाला जुंपलं. बर्ट किन्झल नावाचा रबराचा मळेवाला, ज्याला तो भाग माहीत होता, त्याच्याकडे या हमालांची व्यवस्था होती. त्याने मांडलेला हिशोब मला अजून सुटत नाही: हमाल जे अन्न वाहतो ते तो एकटाच खाईल तर १३ दिवसांत संपतं, आणि एका सैनिकालाही त्यातून खायला घालायचं तर दोघांना मिळून साडेसहा दिवस. आता डोंगर ओलांडायला आठवडा लागतो. म्हणजे पोतं पोचेपर्यंत पोतं संपलेलं! म्हणून मग विमानातून माल टाकायचं ठरलं, आणि त्यासाठी किन्झलनेच मायोलाचं कोरडं तळं शोधून काढलं, डोंगरमाथ्यावरचं मोकळं गवताळ मैदान. पॅराशूट पुरेशी नव्हती, पोती तशीच टाकायचे, बरीच फुटायची, काही जंगलात हरवायची.

येताना तेच हमाल जखमींना स्ट्रेचरवर आणायचे, एका स्ट्रेचरला आठ-आठ माणसं, त्या चिखलातून, आणि सैनिक सांगतात की रात्री पाऊस आला तर आडोसा आधी जखमीला. ऑस्ट्रेलियात त्यांना प्रेमाने फझी वझी एंजल्स म्हणतात, म्हणजे कुरळ्या केसांचे देवदूत. प्रेम खरं असेल, पण देवदूत म्हटलं की त्यांना पगार आणि रजा मागता येत नाही हेही आहेच. कित्येक जण सक्तीने आणलेले, कित्येक पळून गेले, घरी बायकापोरं आणि न पेरलेली बाग. डॉक व्हर्नन म्हणून एक म्हातारा, कमी ऐकू येणारा डॉक्टर होता, पहिल्या महायुद्धातही डॉक्टर म्हणून गेलेला, तो मात्र या हमालांची औषधं-पांघरुणं मागत वरिष्ठांना पत्रं लिहीत राहिला. ऑस्ट्रेलियाने या लोकांसाठी स्मृतिपदक द्यायला सुरुवात केली २००९ मध्ये. २००९ मधून १९४२ वजा करा. कोणाच्या हातात पडलं असेल?

माझा पोर्टर म्हणाला त्याचे पणजोबा त्यात होते. मी विचारलं काय सांगायचे, तर म्हणाला, भात. भाताचं पोतं ओलं झालं की जड होतं एवढंच सांगायचे.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण पण नाही. दहा दिवस काय खाणार? (सांगली)

तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा सोपं आहे. वाटेवरच्या गावांमध्ये रताळं (तिथे कौकौ म्हणतात), अळूचे कंद, केळी, ऊस, अननस, पॅशनफ्रूट, भोपळ्याचे कोवळे शेंडे मिळतात, चुलीच्या राखेत भाजलेलं रताळं तर मी उपासाच्या दिवशी मिरवत खाल्लं. दुसरी गंमत म्हणजे कोइआरींची बरीच गावं सेवन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची आहेत, त्यांना डुकराचं मांस वर्ज्य, आणि शाकाहार म्हणजे काय हे त्यांना समजावत बसावं लागत नाही. शनिवार त्यांचा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा, त्या दिवशी गावात खरेदी-विक्रीची घाई करू नका. ऑपरेटर जे डबे आणतो त्यात मात्र टूना आणि बीफ भरपूर, ते आधीच सांगून ठेवा. मेतकूट, सातूचं पीठ, भाजलेला रवा असं सुकं न्या पण विमानतळावर डिक्लेअर करा, बिया आणि दुधाचे पदार्थ काढून घेऊ शकतात. माझे शेंगदाण्याचे लाडू गेले. अजून वाईट वाटतं.

प्रश्न: वय ५८, बीपीची गोळी चालू, रोज सहा किलोमीटर चालतो. जमेल का? (ठाणे)

सहा किलोमीटर सपाट चालणं म्हणजे कोकोडाची तयारी नव्हे काका, ती सकाळच्या चहाची तयारी. पण ५८ म्हणून नाही असं नाही, आमच्यात एक ६३ वर्षांच्या बाई होत्या आणि रोज माझ्याआधी कॅम्पला.

पहिलं, डॉक्टर. नुसतं फिट आहे असं लिहून देणारा नाही, स्ट्रेस टेस्ट करायला लावणारा. २००९ या एका वर्षात चार ऑस्ट्रेलियन ट्रेकर या वाटेवर मेले, त्यानंतर तिथे मेडिकलचा आग्रह वाढला. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्या घामाळ हवेत हे महागात पडू शकतं, तेव्हा गोळीचं नाव सांगून डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दुसरं, पाणी. कमी प्यायलं तर उष्माघात, हे सगळ्यांना माहितीये, पण नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ खाली जातं आणि माणूस बरळायला लागतो, तेपण तितकंच घातक, म्हणून ओआरएस. तिसरं मलेरिया, तो तिथे आहे आणि जबरदस्त आहे, गोळ्या जायच्या आधीपासून परत आल्यानंतरपर्यंत, डॉक्सीसायक्लीन दिली तर परतल्यावर चार आठवडे, आणि तिने कातडी उन्हात लवकर भाजते ते वेगळं. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य पापुआ न्यू गिनीहून आलोय हे सांगायचं.

तयारी म्हणाल तर सहा महिने द्या. सोसायटीचे जिने सॅक घेऊन, उतरताना जास्त लक्ष, कारण गुडघे उतारावर जातात. आणि जुलैमध्ये मुद्दाम भर पावसात राजमाची नाहीतर भीमाशंकर, ओल्या बुटात दोन दिवस सलग. ओल्या बुटात दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाय घालताना जे वाटतं ना, ते कोकोडाला नऊ सकाळी वाटतं. झोपायचे मोजे मात्र वेगळे, कोरडे, जीव गेला तरी दिवसा घालायचे नाहीत.

प्रश्न: आम्ही मेलबर्नला राहतो. मुलगा १६ वर्षांचा, शाळेतून ग्रुप चाललाय. शाळेत सगळं ऑस्ट्रेलियाच्या बाजूने शिकवतात. आपल्या मुलाने तिथे जाऊन काय बघायचं? (एक आई)

जाऊ द्या त्याला. इसुरावाला स्मारक आहे, २००२ मधलं, चार काळे ग्रॅनाइटचे खांब आणि त्यावर एकेक शब्द: धैर्य, चिकाटी, दोस्ती, त्याग. ब्रूस किंग्सबरी तिथेच २९ ऑगस्ट १९४२ ला ब्रेन गन नावाची मशीनगन कमरेवर धरून पुढे धावत गेला आणि मेला, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च पदक. पहाटे धुक्यात ते खांब बघून माझ्यासारख्या बाहेरच्या बाईला पण घशाशी आलं, खोटं कशाला बोलू.

पण त्याला सांगा, वाटेवर ब्रिगेड हिल नावाच्या टेकडीला थांबला की जपान्यांबद्दलपण विचार. कोकिची निशिमुरा म्हणून एक सैनिक होता, तिथल्या लढाईत त्याच्या तुकडीतला तो एकटा वाचला. मेलेल्या सोबत्यांना शब्द दिला होता की न्यायला येईन. १९७९ मध्ये घरदार, धंदा मागे टाकून तो पापुआला परत आला आणि पुढची पंचवीसेक वर्षं जंगलात हाडं शोधत राहिला. घरच्यांनी काय भोगलं असेल हा प्रश्न मला पडतोच, पण माणूस असा होता.

आणि आपली माणसं म्हणाल तर कोकोडावर नाहीत, पण त्या बेटांवर आहेत. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा पकडलेल्या हिंदी सैनिकांपैकी हजारो जणांना जपान्यांनी न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनला मजुरीला नेलं. राबौलजवळचं बिटा पाका आणि लाए, दोन्ही युद्ध-दफनभूमींत हिंदी सैनिक आहेत. शाळेच्या ग्रुपला तिथे नेत नाहीत, मोर्सबीजवळच्या बोमानाला नेतात, साडेतीन हजारांहून जास्त पांढरे दगड. तिथे त्याला वयं वाचायला सांगा, नावं नाही.

प्रश्न: खर्च, सीझन, व्हिसा? (बरेच जण)

सीझन एप्रिल ते ऑक्टोबर, कोरडा म्हणतात, म्हणजे पाऊस रोज दुपारीच पडतो. व्हिसा आधी काढायचा, ब्रिस्बेनमार्गे जात असाल तर ऑस्ट्रेलियाच्या ट्रान्झिट व्हिसाचंपण बघा, नाहीतर सिंगापूर किंवा मनिलामार्गे. ट्रेकचेच काही हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, वर विमान, वर हेलिकॉप्टरने उचलून आणायचं कव्हर असलेला इन्शुरन्स, तो नसेल तर जाऊच नका. मोर्सबीहून कोकोडाला छोटं विमान जातं, आणि ढग असले की ते उडत नाही, तेव्हा परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. उशीर झाला तर पायलटवर चिडू नका. ११ ऑगस्ट २००९ ला याच फेरीवरचं विमान ढगात डोंगरावर आदळलं आणि १३ जण गेले. आम्ही चार तास गवतावर बसून होतो, कोणी हूं की चूं केलं नाही.

प्रश्न: एवढे पैसे नाहीत हो. भारतात असं काही नाही का? (धुळे)

आहे, आणि आपल्या जास्त जवळचं आहे. मणिपूरमध्ये उखरुलच्या बाजूला सांगशाक गाव. मार्च १९४४ मध्ये जपानी इंफाळ-कोहिमाकडे येत होते तेव्हा तिथे ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने त्यांना काही दिवस रोखून धरलं, आणि तिच्याबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. टेकडीवर पाणी नाही, काटेरी तारा नाहीत, विमानातून टाकलेला माल अर्धा शत्रूच्या हातात, आणि ही आपल्याकडची पोरं, सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीची. किती मराठी माणसांना सांगशाक हे नाव माहितीये? मलाही कोकोडाहून आल्यावर कळलं, लाजच वाटली. कोहिमाची दफनभूमी, इंफाळजवळच्या रेड हिलचं २०१९ मध्ये उघडलेलं पीस म्युझियम हेही बघण्यासारखं. पण मणिपूरची परिस्थिती २०२३ पासून बिघडलेली आहे, तेव्हा तिथल्या माणसांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि फिरताना वाटाड्या तिथलाच घ्या.

प्रश्न: कोकोडा ट्रॅक म्हणायचं की ट्रेल? नेटवर लोक भांडतायत. (कळवा)

ऑस्ट्रेलियन सैनिक बहुतेक ट्रॅक म्हणायचे, सैन्याच्या युद्धसन्मानात ट्रेल आहे, आणि पापुआच्या सरकारी कागदावर पण ट्रेल. आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन रिटायर्ड शिक्षक जेवताना तासभर वाद घालत होते. पोर्टर मंडळी शेजारी त्यांची ताटं घासत होती. मी एकाला विचारलं तुम्ही काय म्हणता, तर तो म्हणाला, रोट. म्हणजे रस्ता. आणि उठून माझंही ताट घेऊन गेला.